हरीक

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाला फार मोठा आनंद झाला तर तो त्याने कोणत्या शब्दात सांगावा? प्रश्न वरवर पाहता साधा, किंबहुना थोडा पोरकट वाटेल. आनंद झाला म्हणजे झाला. त्याला शब्दांची निवडानिवड कशाला? मलाही पूर्वी असेच वाटत होते. पण गेल्या वर्षी माझ्या निबंधाच्या वहीत एका शब्दाखाली तांबडी रेघ आली आणि तेव्हापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. वार्षिकांकाच्या निमित्ताने तो आज वाचकांपुढे मांडते. मी काही भाषेची पंडित नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा कोठे चुकले तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे. काळी जमीन, वरच्या पावसावर येणारी ज्वारी, आणि ज्यांना जमीन थोडी त्यांनी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचे, ही तिकडची रीत. बारावीचा निकाल लागला तो दिवस मे महिन्यातला. शेजारच्या मुलाच्या मोबाईलवर मी निकाल पाहिला. ७२ टक्के! आई त्या दिवशी रोजगार हमीच्या कामावर होती. ओढ्याच्या काठी मातीचे काम चालले होते. मी भर उन्हात पळत गेले. आई रांगेत उभी राहून पाट्या पुढे सरकवीत होती. मला धावत येताना पाहून तिच्या काळजात आधी धस्सच झाले असावे, कारण आमच्याकडे कोणी पळत आले की ते बहुधा वाईट सांगायलाच येते.

“पास?” तिने विचारले.

“पास. बहात्तर टक्के.”

ती क्षणभर काही बोललीच नाही. पाटी खाली ठेवली, पदराने तोंड पुसले, आणि मातीने भरलेला उजवा हात माझ्यापुढे धरून म्हणाली, “लई हरीक झाला गं! ह्यो बघ, काटा आला.”

मी पाहिले. मे महिन्याच्या त्या दुपारी, उन्हाने तापलेल्या त्या हातावर, थंडी वाजल्यासारखे बारीक केस उभे राहिले होते.

पुढे मी कॉलेजात आले. प्रथम वर्षाला आम्हांला निबंध लिहावयास सांगितला. विषय नेहमीचाच, ‘माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग’. मी हाच प्रसंग लिहिला आणि आई बोलली तसेच लिहिले, की आईला हरीक झाला. वही परत आली तेव्हा त्या शब्दाखाली तांबडी रेघ होती आणि समासात सरांनी लिहिले होते, ‘ग्राम्य. हर्ष किंवा आनंद हवे.’ निबंध सुधारून पुन्हा लिहावयाचा होता. मी लिहिला. “निकालाची वार्ता ऐकताच माझ्या मातोश्रींना अत्यानंद झाला व त्यांचे नेत्र आनंदाश्रूंनी डबडबले.” या निबंधाला १० पैकी ८ गुण मिळाले व तो वर्गात वाचूनही दाखविण्यात आला.

वाचक म्हणतील, मग बिघडले कोठे? बिघडले ते इतकेच, की त्या दिवशी आईच्या डोळ्यांत पाणी आलेच नव्हते. आले होते ते हातावर. शब्द बदलला तसा प्रसंग बदलला आणि प्रसंग बदलला तशी आईही बदलली. वर्गात माझा निबंध वाचला जात होता तेव्हा मला वाटले, ही डबडबलेल्या नेत्रांची बाई कोण? मी हिला ओळखत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. सरांवर माझा राग नाही. ते मन लावून शिकवितात आणि आम्हां खेड्यातल्या मुलांच्या वह्या इतरांपेक्षा अधिक बारकाईने तपासतात. परीक्षेत परक्या परीक्षकाने गुण कापू नयेत, हीच त्यांची तळमळ. शिवाय सर म्हणतात म्हणजे हा शब्द खरोखरच अशुद्ध असणार, अशी माझीही खात्री होती. ती पक्की करून घ्यावी म्हणूनच मी ग्रंथालयातील संदर्भाच्या कपाटाकडे गेले. तेथील पुस्तके घरी मिळत नाहीत, तेथेच बसून वाचावी लागतात. शेवटची एस.टी. सुटायला दीड तास होता.

मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कोशात मला हरीख सापडला, आणि त्याचे मूळ म्हणून हर्ष हा शब्दही शेजारीच दिलेला. मी चकितच झाले. पुढे वर्गात ज्ञानेश्वरीचा भाग शिकताना कळले की १२९० सालच्या त्या ग्रंथातही हरिख हा शब्द आहे. म्हणजे सरांनी सुचविलेला हर्ष आणि आईचा हरीक हे दोन शब्द नव्हेतच. एकाच घरातला एक भाऊ शहरात राहिला, दुसरा गावाकडे राहिला, एवढाच फरक!

हे कसे घडले तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या बोलीत संस्कृतातल्या ष चा उच्चार पुष्कळदा ख होत असे. विषाचे विख झाले, औषधाचे ओखद झाले, आयुष्याचे आउख झाले. आमची आजी अजून म्हणते, “त्याचं आउखच तेवढं हुतं.” तिला हसणाऱ्यांत मीही होते, हे येथे कबूल करते. याच वाटेने हर्षाचा हरिख झाला. मग मराठीने शेवटचा ख हलका केला. हिंदीतली भूख आपल्याकडे भूक असते, तसाच हरीख बोलण्यात हरीक झाला. यात अडाणीपणा कोठेच नाही. जीभ नियमाने चालली आहे. शेजारच्या गुजरातीत तर हरख हा शब्द बोलण्यातही आहे आणि पुस्तकातही आहे. नर्मदेच्या पलीकडे ज्याला पाटावर बसवितात, त्याला आपण उंबऱ्याबाहेर उभे करतो. आणि गंमत अशी की, हरखून जाणे हे क्रियापद आपण पुस्तकात चालवून घेतो. क्रियापद शुद्ध आणि नाम मात्र ग्राम्य, हा कोठला न्याय?

पण मला खरा धक्का बसला तो यापुढेच. हर्ष हा शब्द ज्या हृष् धातूपासून आला, त्याचा एक मूळ अर्थ आनंद असा नाहीच. त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणे, शहारणे. आनंद हा अर्थ त्या शहाऱ्यातून पुढे आला. आयुर्वेदात दंतहर्ष नावाचा दातांचा एक विकार सांगितला आहे. तो झाला की दातांना थंड सोसवत नाही. त्यात कसला आलाय आनंद! तेथे हर्ष म्हणजे नुसती शिरशिरी. भाषाशास्त्रज्ञ तर सांगतात की इंग्रजीतला हॉरर हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून आला, ते क्रियापद आणि आपला हृष् धातू एकाच मुळाचे आहेत. त्या लॅटिन शब्दाचाही अर्थ केस उभे राहणे हाच. तिकडे त्या काट्याची भीती झाली आणि इकडे त्याच काट्याचा हर्ष झाला.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आईचा हात आला. “लई हरीक झाला गं! ह्यो बघ, काटा आला.” माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली. धातू, व्युत्पत्ती हे शब्द तिने ऐकलेले नाहीत. पण तिने तो शब्द वापरला तेव्हा त्याचा पुरावाही सोबत दाखविला. एवढा नेमका शब्दप्रयोग मी आजवर कोणत्याही पुस्तकात पाहिलेला नाही. आणि मी तो खोडून त्या जागी अत्यानंद लिहिला!

भीतीचे म्हणाल तर तीही त्या काट्यात होतीच. त्या रात्री आम्ही अंगणात निजलो होतो. आईला झोप नव्हती. ती हळू आवाजात हिशोब करीत होती: कॉलेजची फी, पुस्तके, एस.टी.चा पास. शिवाय माझ्या थोरल्या चुलत्यांनी त्याच आठवड्यात एक स्थळ आणले होते. पोरगी नापास झाली असती तर सगळेच सोपे होते. तिच्या पास होण्यानेच घरात प्रश्न उभा राहिला. मी तिच्या हातावर हात ठेवला तर पुन्हा तोच काटा. दुपारचा कोणता आणि रात्रीचा कोणता, हे मला तेव्हा सांगता आले नाही आणि आजही येणार नाही. जून महिन्यात आमच्या दोन शेळ्या विकल्या गेल्या आणि मी कॉलेजात आले.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात या गोष्टीला आधार आहे. यंदा आम्हांला रसविचार अभ्यासाला आहे. त्यात आठ सात्त्विक भाव येतात. त्यांपैकी एक रोमांच. हा रोमांच कशाने होतो? भरतमुनी भय, थंडी, हर्ष आणि क्रोध ही सारी कारणे एकाच ओळीत बसवितात. अंगावरचा काटा ओळखतो तो एवढेच, की काहीतरी मोठे घडले आहे. ते चांगले की वाईट, हे त्याला ठाऊक नसते. आणि खुद्द हर्षाला भरतमुनींनी कोठे ठेवले आहे? तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये, म्हणजे येणाऱ्या आणि जाणाऱ्या भावांमध्ये. हर्ष मुक्कामाला येत नाही. तो वाटसरू आहे.

आनंद हा शब्द याहून वेगळ्या कुळीचा. तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे एक मोजमाप दिले आहे. तरुण, शिकलेला, धडधाकट असा एक माणूस घ्यावा, धनाने भरलेली सगळी पृथ्वी त्याची असावी. त्याला होणारा आनंद म्हणजे मनुष्याचा एक आनंद. मग त्याच्या शंभरपट, मग पुन्हा त्याच्या शंभरपट, असे चढत चढत ते ब्रह्मापर्यंत जाते. त्याच उपनिषदात असेही म्हटले आहे की, ज्या ज्ञानी माणसाला वासनेने ग्रासलेले नाही त्याला हे सारे आनंद आहेतच. कल्पना मोठी भव्य आहे. मी तिच्यापुढे हात जोडते. पण पहिल्याच एककाशी आमचे घर अडते! माझी आई तरुण नाही, शिकलेली नाही, तिच्याजवळ पृथ्वी म्हणाल तर पाऊण एकर. आणि तिला वासना नाही असेही म्हणवत नाही, कारण लेकीने शिकावे ही केवढी मोठी वासना! मग ओढ्याच्या काठी तिला झाले ते काय? तो आनंद नव्हताच. तो हर्ष होता. आनंदाला शांतता लागते, भरलेले घर लागते, नाहीतर मोठी साधना तरी लागते. हर्ष रिकाम्या हातावरही उभा राहतो.

भगवद्गीतेत तर हा धातू दोन टोकांना भेटतो. पहिल्या अध्यायात अर्जुनाला रोमहर्ष होतो तो विषादाने, समोर आपलीच माणसे उभी पाहून. अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय सांगतो की हा संवाद आठवून त्याला पुन्हा पुन्हा हर्ष होतो आहे. आणि या दोहोंच्या मध्ये भगवंत मात्र बजावतात की प्रिय वस्तू मिळाली म्हणून हर्षाने फुलून जाऊ नये. जो हर्ष आणि भय यांच्यापासून सुटला तो मला प्रिय. पाहा, तेथेही हर्ष आणि भय शेजारी शेजारी बसले आहेत!

हा उपदेश आमच्या घरात गीता न वाचताच पाळला जातो. आजी म्हणते, “लई हसू नये, रडायची पाळी येती.” निकालाच्या दिवशी आईनेही दुसरे वाक्य काय उच्चारले? “गावात बोंबलत फिरू नगं, दिष्ट लागंल.” हुरळली मेंढी लांडग्याच्या मागे लागते, असे आपली म्हण सांगते. फार आनंदाने माणसाचे डोके फिरते म्हणून हर्षवायू हा शब्दही आपण करून ठेवला आहे. थोरांनी हर्षाला आवर घालण्यास सांगितले ते मन स्थिर राहावे म्हणून. पण गरीब माणूस हर्षाला आवर घालतो तो निराळ्याच कारणाने. आज हसलो आणि उद्या पाऊस गेला तर? तेल-मीठ जपून वापरावे तसा तो आनंदही जपून वापरतो. म्हणूनच त्याच्या तोंडून हरीक झाला असे वाक्य निघते तेव्हा त्या शब्दाला वजन असते. माझ्या एकोणीस वर्षांच्या आयुष्यात आईच्या तोंडून तो शब्द मी तीनदा ऐकला. माझ्या निकालाच्या वेळी, धाकट्या भावाचा डेंग्यूचा ताप उतरला तेव्हा, आणि सलग दोन वर्षे कोरडी पडलेली विहीर एका सकाळी तळाशी ओली दिसली तेव्हा.

तीनदा! आणि आपण सुशिक्षित मंडळी काय करतो? कोणतीही सूचना उघडून पाहा. ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ येथपासून सुरुवात, आणि शेवटी कळते की वर्गणी भरण्याची मुदत शनिवारी संपत आहे. आपल्या वार्षिकांकांतील अहवालही पाहावेत (संपादकांनी रागावू नये). वृक्षारोपण हर्षोल्हासात, हस्ताक्षर स्पर्धा हर्षोल्हासात, बक्षीस मिळाले की आनंदाला पारावार उरत नाही. आणि मोबाईलवर तर विचारूच नका. कोणी चहाचा फोटो टाकला तरी अठरा पिवळे चेहरे हसून हसून रडत असतात. मीही त्यांतलीच एक चेहरा पाठवते. पाठविताना माझा स्वतःचा चेहरा मात्र जसाच्या तसा असतो.

माझा आक्षेप शिष्टाचारावर नाही. लग्नपत्रिकेत सहर्ष निमंत्रण असावे, त्यात काही वावगे नाही. तो पाहुण्यांचा मान आहे. तेथे कोणी हातावरचे केस मोजीत नाही. तसेच भारी, मस्त, जाम खूश या शब्दांवरही माझा रोष नाही. खूश फारसीतून आला आणि इथलाच झाला. नव्या शब्दांनी भाषा वाढते. माझे म्हणणे एवढेच, की मोठा शब्द लहान कामाला सतत जुंपला की तो झिजतो, आणि खरोखर मोठी गोष्ट घडते त्या दिवशी आपल्या हाती काहीच उरत नाही. उद्या माझ्या मैत्रिणीला नोकरी लागली, तिच्या घरी पहिला पगार आला, तर मी काय लिहू? अत्यानंद तर मागेच स्नेहसंमेलनाच्या मांडवावर खर्चून झाला!

या विषयावर मी मैत्रिणींशी पुष्कळ वाद घातला आहे. एकीचे म्हणणे, “शब्दात काय आहे? हर्ष म्हण नाहीतर हरीक म्हण, भावना तीच.” ती शहरात वाढली आहे आणि मनाने निर्मळ आहे. तिला मी एवढेच विचारले, “तू तुझ्या आईला आई म्हणतेस. उद्यापासून जननी म्हणशील का? अर्थ तोच आहे.” ती हसली.

दुसरीचे म्हणणे मात्र मला सहजी खोडता आले नाही. ती आमच्याच भागातली. ती म्हणाली, “हरीक म्हटलं की आपण कुठून आलो ते लगेच कळतं. पुढे मुलाखतीला बसलो तर समोरचे आपलं ऐकायच्या आधी आपला शब्द ऐकतात. आपल्या आयांनी शेळ्या विकल्या त्या आपण तसंच बोलत राहावं म्हणून नव्हे.” तिचे बोलणे खरे आहे. माझ्या आईलाही हेच हवे आहे. तहसील कचेरीतला कागद लेकीला वाचता यावा, तेथल्या साहेबाशी तिला नीट बोलता यावे, यासाठीच तिने मला इकडे पाठविले. म्हणून मी प्रमाण भाषा शिकते आणि मन लावून शिकते. अर्जात, उत्तरपत्रिकेत, मुलाखतीत मी हर्ष आणि आनंदच लिहीन व बोलेन. या लेखाची भाषाही तीच आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ही भाषा माझीही आहे, मी तिची पाहुणी नाही.

पण नवे घर बांधले म्हणून जुन्या घराची चौकट कोणी जाळीत नाही. शिकलेल्या माणसाला दोन शब्द ठाऊक असावेत आणि कोणता कोठे शोभतो हेही कळावे. शिकून एक शब्द मिळाला आणि दुसरा हरवला, तर बेरीज शून्यच झाली की! माझ्या आईविषयी लिहावयाचे असेल तेव्हा मला तिचाच शब्द लिहिता आला पाहिजे. कारण शब्द बदलताच डोळ्यांत खोटे पाणी येते, हे मी स्वतःच्या वहीत पाहिले आहे.

कोशातील नोंद मी उतरून घेतली आणि सरांना दाखविली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग मोकळेपणाने हसून म्हणाले, “मला हे ठाऊक नव्हतं. छान शोधलंस. आता असं कर, हा शब्द वापर, पण अवतरणचिन्हांत घाल.” त्यांचा मोठेपणा मी विसरणार नाही. तरीही ती दोन अवतरणचिन्हे माझ्या मनाला लागून राहिली. आमच्या घरातले शब्द पुस्तकात आले की त्यांच्या दोन्ही बाजूंना शिपाई का उभे करावे लागतात? हर्षाला कोणी अवतरणचिन्ह लावीत नाही. तोही कधी काळी कोणाच्या तरी शहारलेल्या हातावरूनच आला असेल ना?

त्या शनिवारी घरी गेले तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापीत होती. मी तिला सगळे सांगितले: साहेबाने हा शब्द दीडशे वर्षांपूर्वीच कोशात घातला आहे, ज्ञानेश्वर माउलींनीसुद्धा तो वापरला आहे. माउलींचे नाव ऐकून तिने पिठाचा हात कपाळाला लावला. भाकरी उलटली आणि म्हणाली, “मंग मास्तरनं खोडला कशापायी?”

मी म्हटले, “त्यांना वाटलं, हा शब्द फक्त आपल्याकडंच बोलत्यात.”

“आपल्याकडं बोलत्यात म्हणून खोडायचा व्हय?” ती म्हणाली, आणि दुसरा गोळा परातीत घेतला.

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आजही नाही. जे माझ्यासारखे आपल्या घरातले पहिलेच येथे आले आहेत, त्या विद्यार्थिमित्रांना मात्र मी एक विनंती करते. घरी जाल तेव्हा आई-वडील, आजी-आजोबा फार आनंदाच्या वेळी कोणता शब्द उच्चारतात, तो ऐका आणि वहीत टिपून ठेवा. तो कोशात सापडेल किंवा सापडणार नाही. सापडला नाही तरी खोडू नका. आणि निबंधात, पत्रात, भाषणात अत्यानंद लिहिण्यापूर्वी एकदा आपल्या हाताकडे पाहा. केस उभे आहेत का? नसतील तर साधे ‘बरे वाटले’ लिहा. तेही फार चांगले वाक्य आहे.

हा अंक छापून आला की मी तो घरी नेणार आहे. आईला अक्षरे लावून लावून वाचता येते. पहिल्या ओळीतला शब्द तिला नक्की लागेल. त्याला मी कोठेही अवतरणचिन्हात बसविलेले नाही.